यादीत नाव म्हणजे रिझर्व्ह बँकेची मान्यता नव्हे

‘आरबीआयच्या यादीत असलेलं लोन ॲप सरकारमान्य, बिनधास्त कर्ज घ्या’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. बँका आणि फिनटेक (तंत्रज्ञानाच्या आधारे आर्थिक सेवा देणाऱ्या) कंपन्यांना नियमांबाबत सल्ला देणं हे माझं रोजचं काम, म्हणून हा खुलासा.

जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर असलेली ही यादी बँका आणि एनबीएफसींनी (म्हणजे बँक नसलेल्या, पण कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांनी) स्वतः भरलेल्या माहितीवर उभी आहे. रिझर्व्ह बँक ती पडताळत नाही. ॲप कोणत्या बँकेशी किंवा एनबीएफसीशी जोडलंय, एवढंच त्यातून कळतं. जाहिरातीच्या मसुद्यात ‘आरबीआय मान्यताप्राप्त’ दिसलं की मी ते लाल पेनाने खोडते.

सहीआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्चांचा तक्ता, मागा, त्यातला एकूण वार्षिक दर (व्याज आणि शुल्क धरून) वाचा. ॲपने फोनमधले कॉन्टॅक्ट्स मागितले तर तिथेच थांबा. त्याला नियमांत मनाई आहे.