'द मेट्रिक्स'चा हिरवा रंग: एक खुलासा

'द मेट्रिक्स' 1999 साली थिएटरमध्ये गडद हिरवाच दिसत होता, 2018 च्या फोर-के (जास्त बारकाव्याच्या) आवृत्तीने तो रंग पुसून टाकला, असं सध्या फिरतंय. गोष्ट नेमकी उलटी आहे.

हिरवी छटा मुळात होती, पण सौम्य. 2003 मध्ये पुढचे दोन भाग आले आणि 2004 च्या डीव्हीडी संचासाठी पहिल्या भागालाही त्यांच्यासारखा हिरवा रंग चढवला गेला. 2008 च्या ब्लू-रेवर तोच आला. आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला 'मूळ' सिनेमा तो हाच! 2018 ची आवृत्ती छायालेखक बिल पोप यांच्या देखरेखीखाली झाली आणि ती थिएटरमधल्या रूपाच्या बरीच जवळ आहे.

चाहत्यांनी 35 मिमी प्रिंटशी (थिएटरात चालवायच्या फिल्मच्या प्रतीशी) ताडून केलेल्या आवृत्त्याही फिरतात. मेहनत दाद देण्याजोगी. पण त्यांनाही 'अस्सल' म्हणणं धाडसाचंच: प्रिंटागणिक छटा थोडी बदलते, जुनी प्रिंट विटते, स्कॅनर आपला रंग मिसळतो, आणि पडद्यावर दिसायचं ते प्रोजेक्टरच्या झेनॉन दिव्याच्या उजेडात. 'मला आठवतंय' हा पुरावा तर सगळ्यात कच्चा.