उरलेलं पाणी कसलं आहे ते पण बघा
तुमच्या नद्यांवरच्या लेखात सगळा भर त्या आटण्यावर आहे, पण जे पाणी उरतं ते कसलं असतं ह्यावर पण बोला ना. प्रवाह कमी झाला तरी सांडपाणी तेवढंच येतं, मग ते पातळ होणार कसं? त्यात पाणी तापलं की ऑक्सिजन धरत नाही, १० डिग्रीला लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम मावतो तो ३० ला साडेसातवर येतो, शेवाळ माजतं ते वेगळंच. आणि मग एकदम धो धो पाऊस, गाळ खतं मैला सगळं नदीत, पिण्याचं पाणी शुद्ध करणारे प्लांटवाले तुरटी अन क्लोरीन वाढवतात पण जंतू गाळाच्या कणांआड वाचतात आणि क्लोरीनची सेंद्रिय घाणीशी रिअ‍ॅक्शन होऊन ट्रायहॅलोमिथेन नावाची आरोग्याला घातक रसायनं तयार होतात. नवीन धरणांआधी ह्या प्लांटच्या अपग्रेडला पैसे द्या!