१४२८५७ बद्दलच्या मेसेजचा खुलासा
डहाणू-पालघरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : १४२८५७ ला कशानेही गुणा, तेच सहा अंक येतात, जगात अशी दुसरी संख्या नाही, शोध आपल्या डहाणूत जन्मलेल्या कापरेकर गुरुजींचा.

गुणाकाराचं म्हणणं १ ते ६ पर्यंतच खरं. दुप्पट २८५७१४, तिप्पट ४२८५७१. पण सातपट थेट ९९९९९९ आणि आठपट ११४२८५६. कारण पाहायचं तर कागदावर १ ला ७ ने भागत जा. बाकी ३, २, ६, ४, ५, १ अशी उरते, एकही सुटत नाही, आणि चक्र पुन्हा सुरू होतं. भागाकारात उमटतात १, ४, २, ८, ५, ७. दोन सप्तमांश, तीन सप्तमांश त्याच चक्रात वेगळ्या जागी शिरतात, बस्स. फार देखणी गोष्ट आहे ही! मुलांकडून जरूर करून घ्या.

‘एकमेव’ही चूक. १ ला १७ ने भागल्यावर मिळणारे ०५८८२३५२९४११७६४७ हे सोळा अंक १६ पटीपर्यंत असेच फिरतात.

आणि ही संख्या देवळालीला शिकवणाऱ्या गणिती कापरेकर गुरुजींच्या आधीपासून माहीत होती. कापरेकरांचं (१९०५–१९८६) नाव तिला लागतं ते तिच्या वर्गामुळे, म्हणजे तिला तिनेच गुणून येणाऱ्या संख्येमुळे : वर्ग २०४०८१२२४४९, त्याचे दोन तुकडे करून बेरीज केली की २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. वर्गाच्या तुकड्यांची बेरीज अशी मूळ संख्येइतकी येते त्या संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात.