पाच वांगी एकसारखी आणून दाखवा

थंडी पडली की सोलापुरात फुलं, फळं, भाजीपाल्याच्या स्पर्धा सुरू होतात. सिद्धेश्वर यात्रेच्या आगेमागे होम मैदानावर मोठं कृषी प्रदर्शन भरतं ते वेगळंच. मी बोलतेय ते कॉलनीतल्या, मंडळांच्या, शाळांच्या छोट्या स्पर्धांबद्दल. मी त्यांत आवडीनं भाग घेते. यंदाच्या तारखा जाहीर व्हायच्या आधीच एक गोष्ट स्पष्ट मांडते. आपल्याकडं पहिलं बक्षीस सर्रास टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या नगाला जातं. हे थांबलं पाहिजे.

मागच्या एका स्पर्धेत (नाव घेत नाही, भरवणारी माणसं मनापासून राबतात) दुधीचा पहिला नंबर हातभर लांबीच्या एका फळाला मिळाला. त्याच्याबरोबर फोटो काढायला लोकांची झुंबड. त्या दुधीची साल पांढुरकी आणि टणक झाली होती, अंगावरची लव केव्हाच गेली होती. बियाण्यासाठी वेलावर राखावा तसला जरठ दुधी होता तो. शेजारच्याच ताटात कोवळे, फिकट हिरवे, अंगभर लव असलेले तीन दुधी मांडले होते. लांबीला सारखे, जाडीलाही सारखे. त्यांना उत्तेजनार्थसुद्धा काही नाही. ते माझे नव्हते, म्हणून तर जास्त हक्कानं लिहितेय. मंडईत कुठलीही बाई नख लावल्याशिवाय दुधी पिशवीत टाकत नाही. इथं परीक्षकांनी एकाही फळाला हात लावला नाही.

ज्यांनी कधी भाग घेतला नाही त्यांच्यासाठी सांगते, एक मोठं फळ आणणं सोपं असतं. तोडायचंच नाही, वेलावर राहू द्यायचं. अवघड काय असतं, तर ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, पाच वांगी एकसारखी ताटात मांडणं. झाडावर एकाच वेळी कळी, फूल, बोटभर फळ आणि तयार फळ असं सगळं असतं. वांग्याचं फळ धरल्यापासून साधारण दोन-तीन आठवड्यांत काढणीला येतं. म्हणून मी स्पर्धेच्या तारखेपासून मागं मोजते आणि त्या सुमारास एकाच दिवशी उमललेल्या फुलांच्या देठाला रंगीत दोरा सैल बांधून ठेवते. मग त्या दोऱ्यांवर लक्ष. सुकलेली पाकळी फळाच्या टोकाला चिकटून राहिली तर तिथं डाग पडतो, ती हळूच काढायची. वाऱ्यानं काटेरी पान घासलं की सालीवर ओरखडा उठतो, ते पान बाजूला वळवायचं. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी तर पाचवीलाच पुजलेली. कामगंध सापळा (वासानं नर पतंगांना ओढून अडकवणारा) लावूनही एखाद्या फळाला बारीक छिद्र निघतंच, आणि नेमकं ते सगळ्यात देखणं फळ असतं. बांधलेल्या दोऱ्यांपैकी निम्मी फळं अशीच गळतात. उरलेल्यांतून पाच निवडायची. कात्रीनं, देठासकट, देठाचा काटेरी मुकुट हिरवा असतानाच. आणि कापडानं पुसायचं नाही. काहीजण तेलाचं बोट फिरवून चकाकी आणतात. अशी ताटं मी तर सरळ बाद करीन. ताज्या वांग्याची स्वतःची चकाकी असते, आणि फळ जून व्हायला लागलं की आधी तीच जाते. परीक्षकाला वांग्याचं वय सांगणारी खूण जर आपणच तेलाखाली झाकली, तर तो तपासणार काय?

हे सगळं आमच्या गच्चीवर, जुळे सोलापुरात, दिवसाआड सुद्धा न येणाऱ्या नळाच्या पाण्यावर. सोलापूरच्या उन्हाला जानेवारीतही दुपारी फारशी सवलत नसते. इथं ज्यांनी पाच वांगी सारखी आणली त्यांनी किती जीव टाकला असेल ते मला ताट बघूनच कळतं.

खरं दुखणं हे आहे की चांगला माल कसा ओळखायचा हे आपल्या जिल्ह्याला शिकवायला नको. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरातच आहे, आता केगावला. सांगोल्याच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा, तो आधी तेल्या रोगाचा ठिपका शोधेल, मग पाण्याची पाळी चुकल्यानं फळ तडकलंय का ते बघेल, मग रंग, मग दाणे. वजन त्यानंतर. जानेवारीच्या स्पर्धेत येणारं डाळिंब बहुतेक मृग बहाराचं, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी फुलं धरलेलं आणि वाढीचे बरेचसे दिवस पावसाळी हवेत काढलेलं, तेल्याला सगळ्यात पोषक हवेत. तिथं डाग नसलेली पाच फळं म्हणजे काय हे बागेत राबलेल्यालाच ठाऊक. आणि आपण बक्षीस देतो सहाशे ग्रॅमच्या एकट्या फळाला, कारण ते लांबून दिसतं.

द्राक्षाचंही तसंच. घड कसा धरायचा? देठाला. मण्याला बोट लागलं की त्याच्यावरचा पांढरट थर जातो, आणि तो थर म्हणजे घड कमीत कमी हाताळल्याची खूण. निर्यातीचा माल बघणारा माणूस मण्यांचा सारखेपणा आणि हा थर पहिल्या नजरेत हेरतो. आमच्या स्पर्धेत एक काका घड धुऊन, पुसून, चकचकीत करून आणतात आणि बक्षीस घेऊन जातात. आपल्याच जिल्ह्यातल्या नान्नज गावच्या नानासाहेब काळ्यांनी थॉमसन जातीच्या द्राक्षबागेतून वेगळा, लांबोडका मणी हेरला आणि त्यातून सोनाका ही जात उभी राहिली. एका वेलीवरचा एवढासा फरक ज्यांच्या नजरेतून सुटला नाही, अशा माणसांचा हा जिल्हा आहे. आणि आपल्या स्पर्धांतली नजर अशी?

इंग्लंडात गावोगावी अशी प्रदर्शनं भरतात. तिथं रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं प्रत्येक भाजीला तिच्या अवघडपणाप्रमाणं कमाल गुण ठरवून दिलेत. फ्लॉवरला २०, साध्या मुळ्याला १०. ते गुण पुन्हा मालाची स्थिती, सारखेपणा, आकार, रंग यांत वाटलेले. नियमात पाच टोमॅटो म्हटले आणि तुम्ही चार किंवा सहा मांडले, तर परीक्षक चिठ्ठीवर ‘एन.ए.एस.’ लिहून ताट बाद करतो, म्हणजे मांडणी नियमाप्रमाणे नाही. कारण लिहून देतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडं निकालाच्या पाटीवर फक्त नंबर आणि नाव. ज्याचा नंबर आला नाही तो काय शिकून घरी जाणार?

म्हणून माझं म्हणणं. फळभाज्यांत एक नग घेऊच नका, तीन किंवा पाच मागा. एक फळ परीक्षकांनी सगळ्यांसमोर कापावं. वांग्यात बी काळपट झालंय का, भेंडीचं टोक कट्‌कन मोडतंय का, हे कापल्या-मोडल्याशिवाय कळत नाही. गुण कागदावर लिहावेत आणि तो कागद ताटाशेजारी ठेवावा. कुंडीतल्या फुलझाडांना ‘किमान दोन महिने स्वतःकडं वाढवलेलं’ अशी अट हवी. आदल्या दिवशी नर्सरीतून आणलेली शेवंती मांडणारे आणि नोव्हेंबरच्या शेवटी गुलाब छाटून, ४५-५० दिवसांनी फूल नेमकं स्पर्धेच्या दिवशी अर्धं उमललेलं आणणारे एकाच रांगेत बसतात, हे मला बघवत नाही.

काही मैत्रिणी म्हणतात, एवढे कडक नियम केले तर हौशी माणसं येणार नाहीत, पोरंबाळं तर नाहीच नाही. पोरांसाठी ‘सगळ्यात मोठा भोपळा’ असा वेगळा गट खुशाल ठेवा, मी स्वतः टाळ्या वाजवीन. पण हौशी माणसाला कमी लेखू नका. आमच्या शेजारच्या अक्का, घरी तेलुगू बोलणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या, रंगाच्या रिकाम्या डब्यांत पुंडी वाढवतात. लाल देठाची, पानावर एक भोक नसलेली अंबाडी. अर्ध्या सोलापूरच्या घरांत ही भाजी शिजते, आणि स्पर्धेच्या पत्रकात तिच्यासाठी गटच नाही. ‘इतर पालेभाज्या’मध्ये मेथीच्या मोठ्या जुडीशेजारी त्यांची छोटी पेंडी ठेवली गेली. अक्कांनी मला एवढंच विचारलं, “माझ्यात काय कमी होतं गं?” मला उत्तर देता आलं नाही. कागदावर कुणी लिहिलेलंच नव्हतं.

मी मराठीत एक साधी गुणपत्रिका तयार केली आहे. वांगी, टोमॅटो, भेंडी, दुधी, डाळिंब, द्राक्ष, गुलाब, शेवंती आणि पुंडी-चुक्यासकट पालेभाज्या, एकेका पानावर. ज्या मंडळाला हवी त्यांनी मला मेसेज करा, छापून आणून देते. परीक्षकांजवळ बसून गुण लिहायला माणूस लागला तर तीही तयारी आहे. ज्या गटात माझं ताट असेल तिथं अर्थातच दुसरं कुणीतरी बसेल. फक्त पुंडीचा गट ठेवणार असाल तर तारीख लवकर कळवा. अक्कांना पेरणीपासून महिना-सव्वा महिना तरी लागतो.