चित्राची पाठ

सांगलीत दिवाणखान्यात एक्स्प्रेशनिस्ट, म्हणजे दिसतं तसं नव्हे तर वाटतं तसं रंगवलेलं चित्र लावणं म्हणजे पाहुण्यांच्या हाती कोलीत देणं. पहिला पाहुणा दारातूनच विचारतो, "उलटं लागलंय काय ओ हे?" दुसरा चहा संपेपर्यंत दम धरतो आणि मुद्द्यावर येतो, "केवढ्याला पडलं?"

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चित्राच्या पाठीवर असतं. सही, साल, माध्यम, माप, गॅलरीची चिठ्ठी आणि सोबत बिल. चित्राच्या तोंडावर किंचाळणारा हिरवा माणूस काहीही म्हणो, भाव ठरतो तो या पत्रिकेवरून. आपल्याकडे बरेच चित्रकार चौरस इंचावर दर लावतात. २४ बाय ३६ म्हणजे ८६४ चौरस इंच. दर १०० धरला तर ८६,४०० रुपये. विश्रामबागेत प्लॉट बघून आलेल्या पाहुण्याला हे लगेच पटतं. हिरवा माणूस मात्र शेवटपर्यंत पटत नाही.

मग तब्येत बघायची. खोलीत अंधार करून बॅटरी बाजूनं, जवळजवळ चित्राला टेकवून धरा. सुटलेला रंग सावली टाकतो. खालचा थर तेलकट आणि वरचा कमी तेलाचा असला, की वरचा आधी वाळतो, खालचा हलत राहतो आणि वरचा तडकतो. या भेगा 'भावनेची तीव्रता' म्हणून खपवल्या जातात. माझ्या मते ती भाव पाडून मागायची जागा. सुरीनं थापलेला तैलरंग वरून सुकलेला दिसला तरी आत महिनोन्महिने ओला असतो. व्हार्निशला सहा महिने ते वर्ष थांबावं. ॲक्रिलिक लवकर वाळतं, पण उन्हाळ्यात मऊ पडून धूळ धरतं. बबल रॅपचे फुगे चित्राकडे करून गुंडाळलंत तर हिरव्या माणसाला देवी आल्याच समजा.

खरं संकट दिवाळीच्या साफसफाईचं. ओलं फडकं, काच पुसायचं निळं पाणी, कुणीतरी सुचवलेली बटाट्याची फोड, सगळं हद्दपार. मऊ, रुंद, कोरडा ब्रश वरून खाली फिरवायचा, बस्स. रंग सुटलाय तिथं तोही नको.

चित्र घराच्या आतल्या भिंतीवर लावा. बाहेरची पावसात ओल धरते. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवले की हवा खेळते. उदबत्ती, फोडणी आणि हळदीची धूळ लांब ठेवा. पावसात कॅनव्हास सैल पडला म्हणून मागच्या, तो ताणून धरणाऱ्या लाकडी सांगाड्याच्या कोपऱ्यांतल्या पाचरी ठोकू नका. हवा कोरडी झाली की तो आपसूक ताणतो, आणि ठोकलेल्या पाचरींमुळं जास्तच ताणून रंग तडकतो.

२०१९ चा पूर पाहिलेल्यांना चित्र वेळेत वरच्या मजल्यावर न्यायला सांगायला नको. तरी भिजलंच, तर बाहेरची चौकट काढा, पण मागच्या सांगाड्यासकटच आडवं, तोंड वर करून, सावलीत ठेवा. गच्चीवर उन्हात कुरडया घालतात, चित्र नव्हे.

पाठीवर वरची बाजू दाखवणारा बाणही बहुतेक वेळा असतो. त्याचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा. पहिल्या पाहुण्यासाठी दर वेळी चित्र उतरवायला नको.