ओसरी होती, आजी होती, तरी ओव्या जात्यालाच का?

गेल्या आठवड्यात मावसभावाने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली मला टॅग करून लिहिलं, "ताई, तुझ्या धंद्यावर आलंय बघ." तुम्हालाही आला असेल. ऐवज असा: पूर्वी डिप्रेशन नव्हतं, कारण ओसरी होती, आजी होती, जिवाभावाचे मित्र होते. आता जो तो थेरपिस्टकडे धावतो आणि तासाला हजार-दीड हजार मोजून परक्यापुढे रडतो. हे पाश्चात्त्यांचं खूळ. जोडपी तर तिथून वेगळी होऊनच बाहेर पडतात. टपरीवरचा दहा रुपयांचा चहा आणि एक मित्र, एवढं पुरे. शेवटी जोडलेले हात आणि गुलाबाची फुलं.

मी सांगलीत गेली १७ वर्षं हे काम करते. मेसेज वाचून राग आला नाही, कारण त्यातलं थोडं मलाही पटतं. ओसरी मलाही हवीच आहे. पण बाकीचं वाचून कुणीतरी माझ्या जिन्यातून परत फिरत असणार, म्हणून लिहायला बसले.

"पूर्वी नव्हतं." नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ चं, रत्नागिरीचं १८८६ चं, ठाण्याचं १९०१ चं. ओसऱ्या शाबूत होत्या तेव्हाच ही बांधावी लागली. बरं, तिथे पोचायचे ते अगदी हाताबाहेर गेलेले. बाकीच्यांचं काय व्हायचं ते आपल्या भाषेलाच विचारा. झुरणं, खंगणं, धसका घेणं, हाय खाणं, अंथरूण धरणं, जिवाला घोर लागणं, सगळ्यातून मन उडणं. नसलेल्या दुखण्याला कुणी इतके शब्द पाडतं का? कुणाला बाहेरची बाधा म्हणून देवऋष्याकडे नेलं, कुणी "जन्माचाच तिरसट" ठरला, कुणा सुनेचा विहिरीवर "पाय घसरला". नाव नव्हतं, एवढंच.

आता आजी. मेसेजमधली आजी नेहमी ऐकणारी असते. पण ती स्वतः सून होती तेव्हा तिचं कोण ऐकत होतं? पहाटे, घर झोपलेलं असताना, दळणाचं जातं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या लाखाच्या वर भरतात. त्यांत विठ्ठल आहे, भाऊ आहे, लेक आहे, आणि ओसरीवर कधी उच्चारता न आलेला सासुरवासही आहे. माणसांनी भरलेल्या घरात बाईने दगड निवडला, कारण तो जाऊन सासूला सांगत नव्हता.

माझं म्हणणं खरं तर एवढंच आहे. घरातल्या प्रत्येकाचा तुमच्या उत्तरात वाटा असतो. "नोकरी सोडू का?" असं विचारा. वडिलांना घराचा हप्ता दिसतो, बायकोला मुलाची शाळा, काकांना त्यांनी लावलेला वशिला. माणसं वाईट नसतात, गुंतलेली असतात. समोरचा नोकरी सोडो की धरो, मला त्यात मिळवायचं-गमवायचं काही नाही, म्हणून मी त्याला पुरतं बोलू देऊ शकते. शिवाय बोललेलं बाहेर जात नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गुप्ततेला हक्क म्हटलं आहे. जिवाला धोका दिसला तर अपवाद, आणि तो मी पहिल्याच दिवशी सांगते.

माझी खोली औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आहे. एक बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा दारातच थांबल्या. "चपला आत घेऊन येऊ का? बाहेर दिसल्या तर ओळखतील कुणी." तेव्हापासून रॅक दाराच्या आत आहे. ओसरीवर चपला लपवायची सोय नसते.

"जो तो धावतो" हे तर उलटंच आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं (महाराष्ट्र त्यात नव्हता). वेगवेगळ्या मानसिक आजारांत उपचार न मिळालेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं. धावतंय कोण?

पाश्चात्त्य खूळ? उगम व्हिएन्नातला, कबूल. पण कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली ती १९२२ मध्ये, आणि मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्याशी पत्रातून वादही घातले. शंभर वर्षं मुरलेल्या गोष्टीला परकी म्हणायचं तर टपरीवरचा चहाही सोडावा लागेल.

आता मित्र. मेसेजमधला सर्वांत तगडा मुद्दा हाच, आणि त्याला उत्तर द्यायला गोव्यात जावं लागतं. तिथे 'संगत' या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. तीव्र नैराश्य असलेली ४९५ माणसं. निम्म्यांना नेहमीचेच उपचार जरा सुधारून. उरलेल्या निम्म्यांना त्याखेरीज सहा ते आठ भेटी, आणि भेटणारे ना डॉक्टर, ना मानसशास्त्राचे पदवीधर. मानसिक आरोग्याचा पूर्वानुभव नसलेली साधी माणसं. निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले: तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेले पहिल्या गटात ३९ टक्के, दुसऱ्यात ६४ टक्के.

मावसभाऊ म्हणेल, "म्हणजे माझंच खरं, डिग्री लागत नाही!" डिग्री लागली नाही, हे मी आमच्या लोकांतही सांगते आणि काहींचा रोष घेते. पण त्या माणसांना आधी शिकवलं होतं, मग उमेदवारी करायला लावली होती. भेटींचं ध्वनिमुद्रण होई आणि दर आठवड्याला सगळे मिळून ते ऐकत, एकमेकांना गुण देत. टपरीवर मित्राने दिलेला सल्ला दुसऱ्या दिवशी चार जण बसून तपासतात का?

आणि गंमत म्हणजे सल्ला बऱ्याचदा एकच असतो. मित्र म्हणतो, "फिरायला जात जा रे, बरं वाटेल." गोव्यातल्या पद्धतीचा गाभाही तोच: मन लागेल तेव्हा करू म्हणून थांबायचं नाही, आधी करायचं, मन मागून येतं. फरक पुढच्या आठवड्यात पडतो. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक यायचे (तीन-चार जणांचे मिळून हे एक सर केले आहेत). ठरलं होतं रोज सकाळी सातला फिरायचं आणि वहीत नोंदायचं. वहीत सातही दिवस रिकामे. "नक्की कुठपर्यंत गेलात सर?" म्हणाले, "चपला घातल्या होत्या. जिन्यात शेजारी भेटले तर म्हणतील, हल्ली दिसत नाही. काय सांगणार? परत आलो." मित्र इथे म्हणाला असता, "एवढ्याला काय घाबरायचं!" आम्ही वेळ साडेपाच केली. शेजारी सहाला दूध घ्यायला उतरतात. पुढच्या वहीत तीन दिवस भरलेले होते, आणि मनःस्थितीच्या रकान्यात दहापैकी दोनचे तीन झाले होते. एका गुणाचा आनंद टपरीवर सांगायची सोय नाही.

जोडप्यांबद्दल. काही वेगळी होतात, खरं आहे. बहुतेक जोडपी वकिलाचा नंबर खिशात घेऊनच माझ्याकडे येतात, मग निकालाचं खापर माझ्यावर. "सोड त्याला" किंवा "सांभाळून घे" यांतलं काहीही म्हणायचा मला अधिकार नाही. ते म्हणायला दोन्हीकडचे मामा समर्थ आहेत. मी बघते ते भांडणाचा आकार. ती आवाज चढवते, तो फोनमध्ये डोकं घालतो, म्हणून ती आणखी चढवते, म्हणून तो उठून गॅलरीत जातो. विषय मुलीची फी असो की गणपतीला गावी जाणं, आकार तोच. तो दोघांना एकदम दिसला की पुढचं त्यांचं ते ठरवतात. मारहाण चालू असेल तर मात्र मी दोघांना एका खोलीत बसवतच नाही. तिथे "जुळवून घ्या" सांगणं पाप आहे.

राहिले पैसे, आणि इथे मेसेजशी माझं भांडण नाही. फी खूप जणांना परवडत नाही. शिवाय चार दिवसांचा कोर्स करून "समुपदेशक" अशी पाटी लावणारे आहेत. एकाने माझ्या ओळखीच्या मुलीला पहिल्याच भेटीत पत्रिका आणायला सांगितली होती. शिक्षण काय, कुणाच्या देखरेखीखाली काम करता, हे बेधडक विचारा. जो चिडेल त्याच्याकडे जाऊ नका. फुकट हवं असेल तर फोनवरची हेल्पलाइन टेलिमानस, १४४१६, चोवीस तास. सरकारने २०२२ मध्ये सुरू केलं आहे, मराठीतही बोलता येतं.

पण "पैसे मोजून" हे शब्द मेसेजने शिवीसारखे वापरले आहेत, ते मला मान्य नाही. मित्राने दोन तास ऐकलं की ते अंगावर राहतं. उद्या त्याचंही ऐकायचं, त्याच्या मुलीच्या लग्नात तीन दिवस राबायचं. फी दिली की फिटलं. काहींना तेवढीच मोकळीक हवी असते.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. मावसभावाने अंगठा दिला आणि विचारलं, "मग तुला स्वतःला काही झालं की?" सांगितलं, दर दुसऱ्या गुरुवारी एसटीने कोल्हापूरला जाते, एका वरिष्ठ बाईंकडे, फी भरून. त्याला खूप हसू आलं. मग म्हणाला, "आणि बोलतेस काय तिथे?"

ते नाही सांगितलं. माझी आई त्याची मावशी आहे.