घासून उजळलेलं बेनिन मूळचं नसतं

‘संग्रहालयांनी साफ करून बेनिनच्या ब्राँझ शिल्पांना मूळ रूप परत दिलं, नाहीतर ती गंजून गेली असती,’ असा दावा सगळीकडे फिरतोय. वाचून मन खट्टू होतं, कारण नुकसानालाच इथे उपकार म्हटलंय.

आधी ‘मूळ रूप’ बघू. आजच्या नायजेरियातल्या बेनिन शहरात ही शिल्पं मेणाचा नमुना करून, त्याभोवती लिंपलेल्या मातीच्या साच्यात ओतली जात. नाव ब्राँझ असलं तरी बरीचशी पितळेची आहेत. कळंक चढतो तो धातूलाच खाऊन. त्यामुळे कारागिराने उठवलेली बारीक टिंबं, पापणीची कड, हे सगळं पुष्कळदा त्या हिरवट थरातच टिकून असतं. चकचकीत धातू लागेपर्यंत खरवडलं की आपण मूळ पृष्ठभागाच्या खाली पोचतो. देवघरातल्या बाळकृष्णाचं चिंचेने घासून घासून सपाट झालेलं नाक आठवा.

बेनिनमध्ये पितळेच्या तांबूस झळाळीला मान होता, हे खरं. पण ती तिथल्या माणसांनी राखलेली झळाळी होती. साफ करताना वापरलेल्या आम्लाने तशी येत नाही. आम्लात पितळेतलं जस्त निघून जातं आणि वर गुलाबीसर तांबं उरतं. मग पृष्ठभागावरून मिश्रधातूचं प्रमाण मोजायला जावं तर आकडेच चुकतात.

‘वर नुसती घाण होती’ हे तर साफ चूक. दिवंगत राजांच्या वेदीवर ठेवलेल्या धातूच्या शिरांना बळीचं रक्त लागत असे. 1897 मध्ये ब्रिटिश फौजेने राजवाडा लुटला, तेव्हा धातूचे शेकडो नक्षीदार फलक धुळीने माखलेले सापडले. नक्षीच्या खाचेतली माती हा त्या जागेचा पुरावा आहे. पोकळ शिल्पाच्या आत राहिलेल्या मातीच्या गाभ्याचंही तेच. ती माती भाजली गेली कधी, हे थर्मोल्युमिनेसन्स चाचणीने काढता येतं. गाभा उकरून टाकला की ती वाट बंद.

‘तज्ज्ञांनीच केलं ना?’ हो, त्या काळच्या तज्ज्ञांनी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वीज सोडून कळंक उतरवणं ही आधुनिक पद्धत समजली जात होती. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण गेलेला थर परत येत नाही.

गंजाची भीती मात्र खोटी नाही. क्लोराइड (मिठासारखे क्षार) आणि दमट हवा मिळाली की धातूवर फिकट हिरवी भुकटी फुटते आणि ती पसरत जाते. तिच्यासाठी हवा कोरडी ठेवायची, भिंगाखाली तेवढाच डाग उपचाराला घ्यायचा. अख्खं शीर आम्लात बुडवायची गरज नसते.